तीन पिवळे ठिपके

१

सौदा जवळपास झालाच होता. साडेतीन लाख ठरले, दोनदा चहा झाला, आणि किसनराव गाडीची दुसरी चावी आणायला उठणार एवढ्यात पुष्करचा मोबाइल वाजला. त्याने विचारणा केली होती, म्हणून विमा कंपनीने गाडीचे जुने क्लेम कळवले होते. पुष्करने ते वाचले, परत वाचले, आणि मोबाइल शेजारी बसलेल्या आत्याच्या हातात दिला.

ही आत्या म्हणजे तारा. अमरावतीच्या एका विमा कचेरीत बत्तीस वर्षं मोटारींचे क्लेम तपासून नुकतीच रिटायर झालेली बाई. भाचा कॉलेजात इतिहास शिकवतो, त्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. म्हणून ती अमरावतीहून अकोला आणि अकोल्याहून पातूरजवळचा हा फुलांचा मळा, अशी उन्हातान्हात त्याच्यासोबत आली होती.

किसनरावांनी काही लपवलंय असं आतापर्यंत वाटलं नव्हतं. डिसेंबरात बाळापूरला गाडी हॉटेलासमोर उभी होती, मुलगा शेखर आत चहा पीत होता, आणि एका ट्रकवाल्याने रिव्हर्स घेताना तिची डिक्की चेपली. चूक सगळी ट्रकवाल्याची. पंचनामा, फोटो, बिलं, सगळं किसनरावांनी आपणहून खाटेवर मांडलं होतं. ताराला माणूस तिथेच आवडला. उभ्या गाडीला मागून बसलेला मार कागदासकट सांगितला, तर किंमत दहा-वीस हजारांनी उतरते, फार तर. लपवलेला मार मात्र गिऱ्हाईकच उठवून लावतो.

"किसनराव," ती सावकाश म्हणाली, "डिसेंबरचा क्लेम तुम्ही सांगितला. हा नऊ फेब्रुवारीचा कोणता?"

"फेब्रुवारीचा? असा काई क्लेम नाई आमचा."

"गाडी पुढून ठोकली, असं लिहिलंय. बॉनेट, पुढचा बंपर, दोन्ही हेडलाइट, रेडिएटर. कंपनीने शेहेचाळीस हजार दिले. चालवणारा शेखर."

शेखर दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, सव्वीस वर्षांचा, उंच, बापासारखाच कमी बोलणारा. किसनरावांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"नऊ तारखेले गाडी कोनापाशी होती?"

"माह्यापाशी. पन बाबा, गाडीले काई नाई झालं."

"चार दिवस होती तुह्यापाशी. दोस्ताचं लगन हाये म्हनला होता. कोन्या दोस्ताचं?"

शेखर खाली बघत राहिला. आणि हे वाईट झालं, कारण या गाडीच्या पैशातून त्याच्यासाठीच पिकअप यायची होती. लग्नसराईत मंडपवाल्यांना थेट फुलं पोचवायची, अडत्याच्या मागे हिंडायचं नाही, असा त्याचा दोन वर्षांचा हट्ट. पाडव्याचा झेंडू विकल्यावर बापाने कसाबसा होकार दिला होता.

"गाडी ठोकून जो बापापासून लपोते, त्याच्या हाती मी नवी गाडी देत नाई," किसनराव म्हणाले. आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "पिकअप कॅन्सल." आणि ते पायात वहाणा सरकवून मळ्याकडे निघून गेले.

२

"चल आत्या, निघू या," पुष्कर पुटपुटला. दुसऱ्याच्या घरचं भांडण बघायला त्याला फार अवघडतं.

"थांब रे. एवढ्या उन्हात आणलंस, तर बॉनेट तरी उघडून बघू दे."

आल्या आल्या तिने गाडीची मागची बाजूच तेवढी नीट पाहिली होती, कारण कागद मागच्या माराचे होते. आता ती पुढे गेली. शेखरने मोबाइलचा टॉर्च धरला. बॉनेट ज्या बोल्टांवर असतं, त्यांवर कंपनीतून येतानाच गाडीचा रंग चढलेला असतो. पाना एकदा लागला, की त्या रंगाचा कडेला टवका उडतो. मग गॅरेजवाल्याने कितीही सफाई केली तरी लपत नाही. इथे चारही बोल्ट जसेच्या तसे होते. हेडलाइट सात वर्षांच्या उन्हाने पिवळट पडले होते. रेडिएटरवर इतकी जुनी धूळ बसली होती की ती पुसताना ताराचा रुमालच वाया गेला.

"ही गाडी पुढून कधी ठोकलेलीच नाही," ती म्हणाली.

शेखरच्या आईने, पार्बताबाईने, पदराने तोंड पुसलं. "मी सांगून राहिली होती त्याईले. माहं पोट्टं खोटं बोलत नाई."

तारा हसली नाही. बिचाऱ्या पार्बताबाईला अजून पुढचं दिसलं नव्हतं. गाडी ठोकली नाही, तरी कंपनीने पैसे दिले होते. म्हणजे कोणीतरी किसनरावांच्या नावावर खोटा क्लेम घेतला होता, आणि कागदावर नाव शेखरचं, लायसन शेखरचं. पोचा लपवणं ही घरातली गोष्ट असते. ही पोलिसांतली होती. आता यापेक्षा बापाचा राग परवडला असता.

पार्बताबाईने तरीही तिसरा चहा टाकला. अंगणात फुलांचे प्लास्टिकचे कॅरेट उतरंडीसारखे रचले होते आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात पिवळ्या ऑइलपेंटचे तीन ठिपके होते. तेच ठिपके पाण्याच्या ड्रमवर, खुरप्याच्या मुठीवर, अगदी गाडीतल्या जॅकवरसुद्धा. ताराने विचारलं, हे काय?

"आमची निशानी. अकोल्याच्या बजारात साऱ्याइचे कॅरेट सारखेच. निशानी नसली का गेलं समजा. मी तं गाडीच्या मागच्या पाटीवर भी लावली होती."

"नंबरप्लेटवर?"

"मंग काय करू बाई? आमची गाडी अन् आमच्या कुंदनची गाडी एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतली. जुळ्या भैनीच त्या. एकडाव मी फुलं घेऊन भलत्याच गाडीत जाऊन बसली. तवापासून मागून पायलं का ठिपके दिसले पायजे." मग तिला आपलं जुनं दुखणं आठवलं. "ते पाटी भी गेली. ट्रकनं वाकवली, अन् गॅरेजवाल्यानं ठेवून घेतली म्हनते कुंदन. चांगला पत्रा होता. कामी आला असता."

कुंदन म्हणजे किसनरावांचा पुतण्या. अकोल्यात विम्याचा एजंट. या घरातल्या गाडीचा, म्हशीचा, माणसांचा, सगळा विमा त्याच्याकडेच होता.

३

शेखर ताराला विहिरीजवळ एकटा भेटला. बापासमोर जे तोंडातून निघत नव्हतं ते परक्या बाईसमोर निघालं. असं पुष्कळदा होतं.

"धारणीले गेलो होतो मॅडम."

"लग्नाला?"

"नाई. तिकडचे मंडपवाले परतवाड्याहून फुलं आनतात. अडत्याची शिळी भेटतात. मी चौघाइसंग भाव करून आलो. बाबाले सांगतलं असतं तं म्हनले असते, गाडीचा पत्ता नाई अन् चालला गिऱ्हाईक पाहाले."

त्याने मोबाइलमधले फोटो दाखवले. नऊ फेब्रुवारी, सकाळचे अकरा. धारणीतल्या एका मंडपवाल्याच्या दुकानासमोर ही गाडी उभी, नाक शाबूत, पुढे संक्रांतीला बसवलेली नवी सरकारी नंबरप्लेट.

"हे बाबांना दाखवलंस?"

"ते म्हनतीन, गाडी ठोकली नाई तं मंग पैसे तूच खाल्ले." त्याने मोबाइल खिशात टाकला. "मॅडम, पिकअपचं जाऊ द्या. बाबा पाच मिन्टात मानून बसले का मी असा हावो. त्याचं मले लागलं."

ताराने कामाचं विचारलं. क्लेम केला की मोबाइलवर निरोप येतो. किसनरावांना आला कसा नाही?

"बाबा वावरात मोबाइल नेत नाईत. विम्याच्या कागदावर कुंदनदादाचाच नंबर देला हाये. सुरुवातीपासून."

"आणि तुझ्या लायसनची झेरॉक्स?"

"डिसेंबरात देली होती. दादापाशी हाये, गॅरेजात भी हाये."

ताराने डोळे मिटून घेतले. एजंट घरचा असला की माणसं आपला नंबरसुद्धा देत नाहीत. नोकरीत असताना हे तिने शंभरदा पाहिलं होतं आणि शंभरदा कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं.

४

क्लेमचे फोटो मिळवायला किसनरावांची सही लागली. ती त्यांनी एक अक्षर न बोलता केली. घरात ते शेखरशी बोलतच नव्हते. जेवायलासुद्धा वेगवेगळ्या वेळेला बसत होते, असं पार्बताबाईने फोनवर सांगितलं. चौथ्या दिवशी ताराच्या जुन्या कचेरीतल्या दीक्षाने फोटो पाठवले.

"मॅडम, लहान रकमेचा क्लेम होता, म्हणून आमचं कोणी गेलंच नाही," दीक्षा म्हणाली. "हल्ली मोबाइलवर फोटो घेतो. नंबर जुळला की मंजूर."

तीन फोटो होते. पांढरी गाडी, तेच मॉडेल, नाक आत गेलेलं. तुटलेल्या जाळीत राखाडी केस अडकले होते. माणूस नव्हे, नीलगायीसारखं जनावर आडवं आलं होतं. आणि पुढे किसनरावांच्या गाडीचा नंबर.

तारा त्या नंबरकडे बराच वेळ बघत बसली. पाटी जुन्या तऱ्हेची होती, रंगवलेल्या आकड्यांची. धारणीच्या फोटोत तर नवी सरकारी पाटी होती. मग ही जुनी आली कुठून? तिने फोटो मोठा केला. पाटीचा उजवा कोपरा वाकलेला होता, आणि डाव्या कोपऱ्यात, मातीने मळलेले, तीन पिवळे ठिपके होते.

तिने लगेच पार्बताबाईला फोन लावला. "तुमच्या गाडीच्या जुन्या पाट्या कुठे आहेत?"

"पुढची? ते मळ्यात हाये. पाटाचं पानी अडवाले लावली. संक्रांतीले निघाली तवाच लावली म्या."

"तिच्यावर ठिपके होते?"

"पुढं काहून लावू? मागूनच पाहाची होती ना गाडी. मागची तं गॅरेजवाल्यानं ठेवली, सांगतलं ना तुमाले."

दुसऱ्या दिवशी तारा अकोल्यात सूर्यभानच्या गॅरेजात जाऊन उभी राहिली. सूर्यभान म्हणजे तेलाने काळ्या हातांचा, गोड बोलणारा पन्नाशीचा माणूस. दोन्ही क्लेमची कामं त्याच्याकडेच झाली होती. ताराने फेब्रुवारीचं काही विचारलं नाही. तिने डिसेंबरपासून सुरुवात केली.

"किसनरावांची वाकलेली नंबरप्लेट तुम्ही ठेवून घेतली म्हणे. त्यांच्या बायकोला पत्रा हवा होता."

"मी?" सूर्यभानला खरंच लागलं. "मॅडम, मी जुनं सामान ठेवत नाई. तुटका बंपर अन् पाटी, दोनी कुंदनभाऊच्या हाती देले. ते आले होते गाडी घ्याले, संग आपली गाडी अन् एक ड्रायव्हर घेऊन. म्या सोता त्याईच्या डिक्कीत टाकलं."

"बरं. आणि फेब्रुवारीतली ठोकलेली गाडी कोणी आणली?"

सूर्यभानचे हात थांबले. त्याने फडकं उचललं आणि एकेक बोट पुसायला घेतलं.

"दिवसाले दहा पांढऱ्या गाड्या येतात मॅडम. गाडीवर पाटी होती, नंबर जुळला. म्या काम केलं."

"गाडीवर कोरलेला चेसिस नंबर नाही जुळवला?"

"आननारा ओळखीचा होता," तो खालच्या आवाजात म्हणाला. "नाव नका इचारू. मले धंदा करायचा हाये."

५

कुंदनचं ऑफिस दोन गल्ल्या सोडून होतं. एक खोली, पंखा, आणि भिंतभर एक तक्ता. कोणाच्या गाडीचा विमा कधी संपतो, त्याच्या तारखा. पुढे लाल खुणा. पातूर-बाळापूरकडची निम्मी गावं त्या तक्त्यावर असावीत.

"या मॅडम, बसा. काकी कशी हाये?" कुंदन उठून उभा राहिला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला मोकळा. "माह्या काकाचं मले वाईट वाटून राहिलं. शेखर पोरगा चांगला हाये, पन... आता काय सांगू. जवान पोट्टं. माह्याकडे कागद आले, म्या पुढं पाठोले. माह्यावर विश्वास ठेवा."

ताराला ते शेवटचं वाक्य आयुष्यभर आवडलं नव्हतं. ज्यांच्यावर विश्वास ठेवावा त्यांना ते कधी म्हणावंच लागत नाही, असं तिचं मत होतं.

"तारखा फार छान ठेवल्यायत तुम्ही," ती तक्त्याकडे बघत म्हणाली.

"एक दिवस उशीर झाला तं माणूस रस्त्यावर येते मॅडम. साऱ्याइले हेच सांगत फिरतो."

तारा पाणी पिऊन बाहेर आली. पायरीखाली कुंदनची गाडी उभी होती. पांढरी, जुळी बहीण. छताचा रंग उन्हाने विटलेला, दारं विटलेली, आणि हेडलाइट नव्याकोऱ्या काचेसारखे स्वच्छ. ताराने सरकारी ॲपवर तिचा नंबर टाकला. विमा चालू होता, अठरा फेब्रुवारीपासून. त्याआधीचा एकतीस डिसेंबरला संपला होता. मधले दीड महिने ही गाडी विम्याशिवाय फिरली होती.

तिला आधी हसू आलं. मग त्या भिंतीवरच्या तक्त्याची आठवण झाली आणि हसू गेलं. तिने परत आत डोकावून सांगितलं, "कुंदन, उद्या सकाळी काकांकडे या. तुमचीच गाडी घेऊन या."

६

सकाळी ओसरीवर सगळे बसले. किसनराव खांबाला टेकून, शेखर लांब पायरीवर. पुष्करलाही ताराने बोलावलं होतं, कारण गिऱ्हाईक तोच होता. कुंदन आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता, पण तो आला. त्याच्या बाजूने बोलण्यासारखी तेवढी एक गोष्ट होती.

ताराने मळ्यातून मागवलेली जुनी पाटी पायापाशी ठेवली. पाटाच्या चिखलाने भरलेली.

"किसनराव, तुमच्या गाडीच्या जुन्या पाट्या दोन. पुढची ही. हिच्यावर ठिपके नाहीत, आणि संक्रांतीपासून ही पाटात आहे. मागच्या पाटीवर पार्बताबाईंनी ठिपके दिले होते. ट्रकने ती वाकवली, डिसेंबरात गॅरेजात गेली." तिने मोबाइलवरचा फोटो त्यांच्यापुढे धरला. "ही बघा फेब्रुवारीत ठोकलेली गाडी. हिच्या पुढे लावलेली पाटी वाकलेली आहे आणि तिच्यावर ठिपके आहेत. म्हणजे तुमची मागची पाटी दुसऱ्याच गाडीच्या पुढे लागली. हे ज्याने केलं, त्याच्याकडे ती पाटी होती. शेखरकडे नव्हती. सूर्यभानने ती ज्याच्या डिक्कीत टाकली, त्याने घरी येऊन काकीला सांगितलं की गॅरेजवाल्याने ठेवली."

पार्बताबाईने कुंदनकडे पाहिलं. "तू सांगतलं होतं मले."

"निरोप त्याच्या मोबाइलवर. लायसनची झेरॉक्स त्याच्याकडे. गाडी हीच, हाच रंग. फक्त एक कळत नव्हतं. विम्याचा एजंट स्वतःच्या विम्यातून का नाही दुरुस्त करणार?" तारा कुंदनकडे वळली. तिचा आवाज मऊ होता. "विमाच नव्हता म्हणून. हो ना?"

कुंदन खाटेचा सुंभ ओढत राहिला.

"साऱ्याइच्या तारखा भिंतीवर लिवल्या," तो म्हणाला. "माहीच लिवली नाई. पातूरच्या घाटात रोही आडवा आला. घरी येऊन कागद पायले तं विमा संपून चाळीस दिवस झालेले. लोकाइले समजलं असतं तं माह्याकडून कोनं विमा काढला असता काका? पाटी डिक्कीतच पडून होती. वाटलं, काका कुठी गाडी इकून राहिले. कोनाले दिसते."

"अन् शेखरचं नाव?" किसनरावांनी विचारलं.

"कागद त्याचेच तयार होते."

मळ्यात पंपाचं पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"पैसे मागतले असते तं देले असते रे तुले," किसनराव म्हणाले. "पोराचं नाव टाकलं तू." मग त्यांनी स्वतःकडेच बघावं तसं हातांकडे पाहिलं. "अन् म्या ते ऐकलं अन् मानलं. तुह्याहून मोठी चूक माही हाये."

कुंदनने त्याच दिवशी ताराच्या देखत कंपनीला सगळं खरं लिहून दिलं आणि शेहेचाळीस हजार परत भरले. एजन्सी राहील की जाईल हे कंपनी ठरवणार होती. ताराने त्याला खोटा धीर दिला नाही. महिन्याभराने किसनरावांच्या गाडीवरचा तो क्लेम नोंदीतून निघाला. उरला फक्त बाळापूरचा, कागदासकट. पुष्करने गाडी ठरल्या साडेतीन लाखांनाच घेतली. त्याला आता ती कुठल्याही नव्या गाडीपेक्षा जास्त ओळखीची झाली होती.

पिकअप आली त्या दिवशी तारा मुद्दाम पातूरला गेली. विम्याचा कागद तिने स्वतः ओसरीवर बसून भरायला घेतला. नाव, पत्ता, चेसिस नंबर, तोही गाडीखाली वाकून जुळवून. पलीकडे पार्बताबाई पिवळ्या रंगाचा डबा काडीने ढवळत होती.

"मोबाइल नंबर सांगा किसनराव. आणि या वेळी घरातला द्या."

"शेखरचा टाका," किसनराव म्हणाले.

"कोणता?" म्हणून ताराने शेखरकडे पाहिलं. तो तोंड उघडणार तेवढ्यात किसनरावांनीच दहा आकडे सांगितले. सरळ, न थांबता. मोबाइलला हात न लावणारा माणूस.

"पाठ आहे तुम्हाला?"

"पोराचा नंबर हाये मॅडम," ते म्हणाले. "रस्त्यावर असते थो. मनात म्हनत रायतो."

शेखर उभाच होता. मग त्याने वाकून झेंडूचा एक भरलेला कॅरेट उचलला आणि पिकअपमध्ये ठेवला. किसनराव उठले आणि त्यांनी दुसरा उचलला.